पाणसळ

बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात
मी तिपाईचे पाय जमिनीत रोवले.
पाणसळीतला बुडबुडा मधोमध आल्याशिवाय
काचेला डोळा लावला नाही कधी.
समोर थेटे, पट्टी धरून उभा.
जरा हलला की शिवी खायचा.

आणि अश्लेषा कॅमेरा खांद्यावर घेते.

कॉलेज रोडवरच्या लहानशा हॉलमध्ये तिचा सिनेमा.
दिग्दर्शक दुसरा कोणी, पण डोळा तिचा.
पहिल्या दहा मिनिटांतच पोटात ढवळलं.
पडद्यावर भांडीबाजार डचमळत होता,
पितळेच्या घागरी, त्यांच्यामधून पळणारं एक पोर,
आणि त्याच्यामागे आम्ही सगळे,
दीडशे खुर्च्या, धापा टाकत.
शेजारच्या बाईंनी डोळे मिटून घेतले.
मी दारावरच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसलो,
तेवढी एकच गोष्ट लेव्हलमध्ये होती.
खिशात आलेपाक होता, तो चघळला.
मनात म्हटलं, हिला एक तिपाई घेऊन द्यावी,
चांगली, सागवानी पायांची.

मग ते पोर गाडगे महाराज पुलाखाली येतं,
पायरीवर बसतं.
कोणी काही बोलत नाही.
चौकट मात्र थांबत नाही.
थोडी वर जाते, थोडी खाली येते.
पट्टीवर वाचली असती तर
पाच मिलिमीटर, फार तर सहा.
वर.
खाली.
तिला कोणी ढकलत नव्हतं.
तो श्वास होता, पळून आलेल्या माणसाचा,
हळूहळू निवत जाणारा,
आणि मधेच एक बारीक अडखळ,
दुसरीत असताना दमा झाला तेव्हापासूनची.
गंगापूर धरणाच्या बांधावर
माझ्या खांद्यावर झोपून जायची
तेव्हा कानाशी हीच.

पोराचा चेहरा मला आता आठवत नाही.
शेजारच्या बाई अजून डोळे मिटूनच होत्या.
त्यांना हलवून सांगावंसं वाटलं,
उघडा आता, बरी आहे ती.

बाहेर तिनं विचारलं, चक्कर आली ना, बाबा?
आली, म्हटलं.
आणखी काही सांगायचं होतं,
पण तोवर तिनं हेल्मेट घातलं.

सीबीएसपासून पुढे रस्ता खणलेला.
पहिल्याच खड्ड्यात गाडी आदळली
तशी ओरडली, घट्ट धरा!
धरलं.
तळहाताखाली, जाड जॅकेटमधूनसुद्धा,
वर,
खाली.