डावरे

बाबा रबाळ्याच्या कंपनीत मोल्डिंगला होते.
तिथे प्लास्टिकचे वीर बनायचे, परदेशी पोरांसाठी:
दंड फुगलेले, कमरेला पट्टा,
छातीवर कसलंसं चिन्ह.
ते कुठल्या गोष्टीतले, कोणाशी लढतात,
खात्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.
पाळीला दोन हजार नग निघाले पाहिजेत, एवढं ठाऊक होतं.

आमच्या घरी यायचे ते नापास झालेले,
डब्याच्या पिशवीत, रिकाम्या डब्याखाली.
एकाला चेहराच नव्हता,
रंगाची पाळी यायच्या आधीच बाद.
एकाच्या पाठीत बुडबुडा.
एकाची मान उलटी बसलेली.
त्याला मी भिंतीकडे तोंड करून उभा करायचे,
म्हणजे तो माझ्याकडे बघायचा.

आणि डावरे.
दोन्ही हात डावे.
"उजवा कुठंय?" विचारलं तर
बूट काढता काढता बाबा म्हणाले,
"उजवा ओव्हरटाइमला थांबलाय."

ऐरोलीत आमच्या बैठ्या घरामागच्या बिल्डिंगीत
कौस्तुभ राहायचा. त्याच्याकडे खरा होता,
मामानं दुबईहून आणलेला, खोक्यासकट.
बटण दाबलं की इंग्रजीत दम भरायचा.
त्याला नाव होतं, शत्रू होता,
खोक्यावर सगळं छापलेलं.
माझ्या डावऱ्यांना शत्रूसुद्धा मीच शोधून द्यायचे:
गटारातली घूस, कुलूप लावलेली टाकी,
गणिताच्या सुर्वेबाई.

एका सुट्टीत खाडीकडे, तिवरांच्या चिखलात
कौस्तुभचा पडला.
भरती चढत होती. खेकडे येऊन बघून जात होते.
तो बुडता बुडता दम भरत राहिला, कोणाला ते कळेना.
मी डावऱ्यांच्या कमरेला सुतळी बांधली, सोडलं खाली.
दोन्ही पंजे एकाच बाजूला वळलेले, गळासारखे.
तिसऱ्या खेपेला पट्ट्यात अडकले
आणि आला वर, काळाकुट्ट, ठिबकत.
त्यानंतर बटण दाबलं की नुसती खरखर.
कौस्तुभ दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाला,
"बदलतेस का?"
मी नाही म्हटलं.
आयुष्यात इतक्या ठामपणे नाही
मी नंतर फार वेळा म्हटलेलं नाही.

कंपनी बंद पडून वीस वर्षं झाली.
तिथे आता बिनखिडक्यांची इमारत आहे, आत थंड यंत्रं,
म्हणे जगाच्या आठवणी साठवतात.
बाबा रिक्षातून तिकडे बघतसुद्धा नाहीत.

परवा माळा झाडताना बिस्किटांचा डबा निघाला.
बाबांनी चष्मा लावला.
तोंडाकडे बघितलंच नाही,
अंगठ्याचं नख कडेच्या शिवणीवरून फिरवलं,
मानेपासून टाचेपर्यंत.
"चार नंबर मशीन. पण माल साफ आहे."

"साफ कुठला? मशीननं दोन डावे हात लावले की."

"हात मशीन लावत नाही," बाबा म्हणाले.
"हात हातानं लावतात. बायका बसायच्या टेबलाला,
डाव्यांचा क्रेट इकडे, उजव्यांचा तिकडे."

मग थोडा वेळ त्यांनी डावऱ्यांचा एक हात
वर केला, खाली केला. सांधा अजून घट्ट होता.

"चांगला नग गेटबाहेर काढता यायचा नाही."

खाली भाजीवाला ओरडत होता. आई त्याला थांब म्हणाली.
मी डब्यातली धूळ पुसत राहिले,
पुसून झाली होती तरी.

"कोणी लावला?"
"असेंब्लीला सुगंधा होती, दिघ्याची.
तिलाही एक पोरगा होता."

"मग तो उजवा?"

बाबा हसले, वरचा एक दात नसलेलं हसू.
उरलेला उजवा वाया कसा घालवणार?

म्हणजे दिघ्यात, नाहीतर पुढे कुठे कळव्याला,
कोणाच्या तरी माळ्यावर,
चांगल्या पिठातला, चार नंबरचा,
एक उजवरे असतील.