एकोणचाळीस-आठ

पावसाळ्यात काळीत तीनदा रुतली,
म्हणून डॉक्टर सुलक्षणा केंद्रे यांनी जीपला
तेहतीस इंची टायर घातले.
त्या आठवड्यात अंबाजोगाईत जो तो थांबून बघायचा:
जनावरांची डॉक्टर, आणि गाडी अशी,
थोरल्या भावाचे बूट घालून निघालेली.

पाचव्या दिवशी त्या मुनाफ उस्तादकडं आल्या.
"बुट्टेनाथच्या चढाला रडायलीय.
दुसऱ्यावर मरते, पहिल्यावर उकळते.
तांड्यावर म्हैस अडलेली, आणि मी
बॉनेट उघडून वाफ बघत उभी.
इंजिन गेलं का?"

उस्तादनं इंजिनाकडं पाहिलंच नाही.
टायरावर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी.
"पोहरा थोरला केलात, मनगट तेच.
इंजिन बिचारं काय करंल?
आन् काटा बी खोटं बोलायलाय, बाई.
तो चाळीस म्हणतो, तवा रस्ता सत्तेचाळीस असतो."

मग खडू घेऊन बसला.
तेलानं काळ्या पडलेल्या फरशीवर
खाली अठ्ठावीस, वर तेहतीस,
एक्केचाळीस दातांना दहा.
मी गणितात दोनदा बसलेलो दहावीला,
तिसऱ्यांदा बसलो ते इथं, खड्ड्याच्या काठावर.
"चार पूर्णांक…" म्हणून अडकलो.
उस्ताद त्याच्या लहानपणीच्या पावकी-निमकीत बोलला,
"पाचात आठवा हिस्सा कमी.
क्राउनला एकोणचाळीस, पिनियनला आठ.
नांदेडला फोन लाव. दोन मागव."

"दोन?" डॉक्टरबाई थबकल्या.
"मागचं आत्ता करा. पुढचं पगार झाला की."
"एक बैल आज जुंपायचा, दुसरा पोळा झाल्यावर?
चिखलात चारी चाकं लावलीत की
पुढचं म्हणंल चल, मागचं म्हणंल थांब.
मधल्या मधी फुटायचं कुणी?"
त्या बाहेर जाऊन कुणाशी तरी फोनवर भांडल्या.
आत येऊन म्हणाल्या, "दोन."

खोकं आलं. ग्रीसचा कागद सोडला
तर आत दात इतके स्वच्छ
की मी हात पुसून मग धरले.

उस्तादनं शेंदूर कालवला तेलात,
बोटानं दाताला लावला. "फिरव."
ठसा उमटला दाताच्या माथ्याशी.
उतरव. शिम बदल. चढव.
ठसा मुळाशी.
उतरव.
कागदाएवढ्या पत्र्यासाठी पुन्हा बेअरिंग, पुन्हा प्रेस.
दुपारपर्यंत चहाचा कप शेंदरी,
कानामागं शेंदूर, मोबाइलच्या काचेवर शेंदूर.

असरला उस्ताद मशिदीत गेला.
"हात लावू नको कशाला."
मी लावला.
जुनी शिम काढली, डब्यातून दुसरी घेतली,
मोजली नाही, नुसती चिमटीत धरली
आणि मला वाटलं, ही.

तो आला तेव्हा मी अंग चोरून उभा.
उस्तादनं क्राउन फिरवला. बॅटरी मारली.
दाताच्या बरोबर मध्ये,
जवसाच्या दाण्याएवढा, दोन्ही टोकांना निमुळता.
डायल लावून त्यानं दातांतली फट मोजली,
परत मोजली.
मग चपला शोधत म्हणाला,
"पुढचा अ‍ॅक्सल तू भर. मी चहाला चाललो."

नवे दात हळू चालवायचे असतात.
येल्ड्याच्या रस्त्यानं पंचवीस किलोमीटर गेलो,
तिसऱ्यावर, न ओढता, न रागावता.
चढ आला आणि गेला,
डॉक्टरबाई म्हणाल्या, "एवढंच?"
गाडी बाजूला घेतली. मी खाली सरपटलो,
हौसिंगवर तळहात ठेवला.
"काय बघतोस?"
"ताप."
त्याही वाकल्या. गाईचा कान धरतात तसा
दोन बोटांनी लोखंडाचा कडेचा भाग धरला,
डोळे मिटून थोडं थांबल्या.
"आहे. पण पहिलटकरणीला असतो तेवढाच."

अर्धा तास निवू दिली.
करडई चाकाएवढी झाली होती.