उलट फेरीचा माणूस

तोसाचा किनारा. तीन दिवस डाव्या हाताला समुद्र,
आणि देऊळ एकही नाही.

फुसाएबाईंनी ट्रक थांबवला, इंजिन चालूच.
भाताचे दोन गोळे, आत खारवलेलं आंबट फळ,
वर्तमानपत्रात बांधलेली पाच संत्री.
मी नको नको म्हणत होते.
माझे गुडघे गेलेत, म्हणाल्या,
माझ्या वाटचं तू चाल.

बसथांब्याच्या पत्र्याखाली तो बसला होता.
पांढरा अंगरखा, टोपीची कड दोऱ्यानं शिवलेली.
अठ्ठ्याऐंशीपासून एककडे निघालेला.
एक गोळा त्याला दिला.
त्यानं थर्मासच्या झाकणात
कोमट झालेला सातूचा चहा ओतला.

मग आम्ही रस्ते बदलून घेतले;
माझं मागचं ते त्याचं पुढचं.
मी सांगितलं, तिसऱ्या बोगद्यात भिंत धरून चाला,
ट्रकवाले बघत नाहीत.
तो म्हणाला, टोफूवाला वारला, दुकान बंद असेल.
आणि निळ्या छपरापाशी कुत्रा अंगावर येतो,
गोन्ता म्हणा, बसेल.

पुलावर मी काठी उचलून धरली,
खाली संत झोपलेत म्हणतात.
पलीकडे टेकवली, मागं पाहिलं,
तो वळणाआड गेला होता.
बेट गोल आहे. दोघंही चालत राहिलो
तर आणखी एकदा गाठ पडेल,
गुडघ्यांनी ठरवलं तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी निळं छप्पर.
कुत्रा आला, दात विचकत.
गोन्ता, म्हटलं.
बसला.

तिथंच कडेला शेवटचं संत्रं सोलताना आठवलं,
त्याचं नाव विचारायचं राहिलं.