स्वतःला वगळून

पाटीएवढा आहे हा मिक्सर.
मांडीवर मावतो.
आधीचा उचलायला दोघं लागायची,
त्यातली एक मी असायचे,
बेइराच्या कुठल्याशा घाटात
ओल्या गवतावरून घसरत, शिव्या देत.
हा एकटीच्या काखेत बसतो.
दुसऱ्याला कंपनीने घरी बसवलं.

सहा फेडर. पाचवा चिकटतो :
गेल्या निवडणुकीत अमांडियोने त्यावर कॉफी सांडली.
पहिल्यावर डुआर्ते, आमचा बातमीदार,
दुसऱ्यावर जो कोणी समोर येईल तो,
तिसऱ्यावर नुसता परिसर, म्हणजे
वारा, कुत्री, अग्निशमनवाल्यांचा पंप.
चौथ्यावर लिस्बन.
चिकटपट्टीवर माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलंय सगळं.
सहाव्यावर काही नाही.
असू दे एक रिकामा.

निलगिरी पेटली की
कोरडं हाड मोडावं तशी वाजते.
तिसरा मी थोडा खाली ओढते.
खरी आग कुणाच्या बोलण्याला जागा देत नाही,
बातमीतल्या आगीला द्यावी लागते.

चर्चच्या पायरीवर दोना लिबानियाला उभी केली.
स्वेटरला बिनतारी माइक,
चांगल्या कानात इअरपीस; दुसरा कान कधीच गेलेला.
म्हटलं, तुम्हाला सगळं ऐकू येईल,
डुआर्ते, वारा, लिस्बनची बाई,
फक्त तुमचा स्वतःचा आवाज येणार नाही.
तो मी वगळते.
आला तर माणूस अडखळतो,
आपल्याच शब्दाची ठेच लागते त्याला.
ती म्हणाली, ‘ऐंशी वर्षं ऐकलाय की तो.
ठेव काढून.’

लिस्बनच्या बाईने विचारलं,
‘काय काय गेलं तुमचं?’

ती बोललीच नाही.
एक सेकंद. दोन. चार.
माझ्या कानात लिस्बन ओरडलं :
आवाज गेला, ओतिलिया, आवाज गेला!

गेला नव्हता.
दुसऱ्या मीटरच्या तळाशी एक हिरवा ठिपका
लुकलुकत होता तिच्या श्वासाबरोबर.
मी दुसरा वर सारला. अजून वर.
जिथवर नेऊ नये म्हणून शिकवतात, तिथवर.

आणि श्वासाच्या मागे, धुराच्याही पलीकडे,
किण.
मग बराच वेळ काही नाही.
मग किण किण.

सहाव्या सेकंदाला लिस्बनने आम्हाला तोडलं
आणि फुटबॉल लावला.

घंटा तिच्याच माइकमधून आली होती.
म्हणजे तिच्या कानात पोचलीच नसणार :
तिच्याबरोबर मी तीही वगळली होती.
बटण दाबून डुआर्तेला म्हणाले,
काढ. तिच्या कानातलं काढ आधी.

ती मान वाकडी करून ऐकत राहिली,
दळण झालं का बघावं तशी.
धुरातून शेळी आली,
एका अंगाने होरपळलेली,
गळ्यात पत्र्याची घंटा.

‘ही माझी नाही,’ दोना लिबानिया म्हणाली.
‘आर्मिंदाची आहे, चोरटी.
माझ्या कोबीवर टपलेली असायची.’
मग तिने शेळीचं शिंग धरलं.
‘खा म्हणावं आता कोबी.’

दोघी गल्लीतून खाली गेल्या.

व्हॅनमध्ये मी दाढीच्या ब्रशने
फेडरांच्या फटीतली राख काढत बसले.
चिकटपट्टीवरचा ‘लिस्बन’ पुसट झाला होता.
दुसरा अजून वरच होता,
आणि माइक तिच्या स्वेटरलाच.
बादली. खडबडीत दगडावर ओढलेली.
‘पी. सावकाश पी, गाढवे.’
शेळी पाणी पिताना केवढा आवाज करते!
मीटर हिरवा, हिरवा, क्षणभर पिवळा.

मग मध्ये भिंत आली असावी. खरखर.
मी दुसरा खाली घेतला, बोटाने, हळूच,
झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण ओढतात तसा.

अमांडियो म्हणाला,
माइक महागाचा आहे, आणायला हवा.
म्हटलं, सकाळी आणू.
बॅटरी तोवर टिकणार नाही
हे त्यालाही माहीत होतं.