दोन खोल्या, वडगाव बुद्रुक

नवश्या मारुतीजवळ भिंताडेशेठचं ऑफिस,
तिथे मी घरांचे मजकूर लिहिते.
शेठ म्हणतात, बाई, आता शब्दाला पैसे पडत नाहीत,
होऊ दे खर्च.
पण मी छापील जाहिरातींच्या काळातली,
अजून मोजून देते, बसच्या सुट्ट्या पैशांसारखे.

'प्रशस्त' पहिल्याच वर्षी सोडला.
टेप घेऊन जाते. दहा बाय साडेअकरा, एवढंच.
'स्वारगेट दहा मिनिटांवर' असं एका बिल्डरने सांगितलं
तेव्हा पीएमटीत बसून पाहिलं:
एक्केचाळीस. दांडेकर पुलाचा सिग्नल लागला
तर देवाचं नाव.
'निसर्गरम्य' म्हणजे समोरचा प्लॉट अजून विकला गेला नाही.
'शांत' म्हणजे बस येत नाही.
वाचणाऱ्यालाही हे कळतं हो,
पुण्यात जाहिरात वाचतात ती चूक काढायलाच.

दिवाळी झाली आणि उपळेकर आले,
किल्ली रुमालात बांधलेली.
म्हणाले, लिहा, सुसंस्कृत वस्ती.
आणि शेवटी, फक्त आपल्यातले.
आपल्यातले म्हणजे?
हसले. तुम्हाला कळतंय की.

कळत होतं.
सत्त्याण्णव साली सहकारनगरात
एका बाईंनी मला चहा दिला, खोली दाखवली,
नळ सोडून दाखवला,
मग आडनाव विचारलं
आणि नळ बंद केला.
कपाळावर आठीसुद्धा नाही.
पाणी छान होतं त्या नळाला.

मी म्हटलं, काका, आधी खोल्या बघू.
मागच्या खिडकीखाली मंगल कार्यालय.
आधीचे तीन भाडेकरू अकरा महिनेही टिकले नव्हते.
तिघेही आपल्यातलेच, हे त्यांनीच सांगितलं.

मी लिहिलं:
दोन खोल्या. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन.
पाणी दोन वेळा. जिना अरुंद, कपाट तिरपं करून चढतं.
मागे कार्यालय, लग्नसराईत बँड ऐकू येतो,
मोठ्याने.
वेळेवर भाडं देणारं कुणीही चालेल.

'कुणीही'वर अर्धा तास अडलं.
मी पुष्कळ बोलले.
शेवटी शेठ फायलीतून मान न काढता म्हणाले,
रिकाम्या खोल्यांचा मेंटेनन्स कोण भरतंय, काका?
झालं ते त्या वाक्याने. माझ्या नव्हे.

चौथ्या दिवशी फोन. दिलावर आतार.
बँडचं खरं आहे ना, मॅडम?
खरं आहे.
मोठ्याने?
हो.
मग बरंच झालं. मी क्लॅरिनेट वाजवतो,
निम्मे मुहूर्त त्याच कार्यालयात असतात,
रात्री हडपसरला जायला रिक्षा मिळत नाही.

उपळेकरांनी पहिलं आडनावच विचारलं.
सांगितलं. लपवायचं असतं
तर 'प्रशस्त'च लिहिलं असतं ना.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग, डिपॉझिट पूर्ण देतोय?
देतोय.
दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले,
रुमालाची गाठ सुटता सुटेना त्यांच्याने.
आतारांनी हात पुढे केला नाही,
उभे राहिले, गाठ सुटेपर्यंत.

पुढचं मला माहीत नाही. अकरा महिन्यांनी कळेल.

आज आंबेगावचं घर आलंय.
'सु' टाइप केलं की संगणक अजून
आपणहून 'सुसंस्कृत' पुढे करतो.
जुनी सवय त्याची.
मी तो खोडते आणि लिहिते,
सुकतात. गॅलरीत कपडे
दुपारी दोनपर्यंत सुकतात.