आधी पाव खाऊन ये

बस. पण बाही वर करू नकोस अजून.
आधी सांग, जेवलास का?
या खुर्चीत सहा फुटी दर्यावर्दी रिकाम्या पोटी
उताणे पडलेले मी पाहिलेत,
वादळाला आईबहिणीवरून शिव्या घालणारे.
समोर ओर्फेलियाचं दुकान आहे.
पाव खाऊन ये, वर साखर जास्त घातलेला चहा.
आणि काल रात्री पिऊन झोपला असशील
तर चहाही नको, घरीच जा.
दारूनं पातळ झालेलं रक्त शाई धरत नाही,
बाहेर ढकलतं.
मी पुसत बसते आणि तू मला बोल लावत.

आलास? बरं.
हा तीळ कधीपासून आहे?
त्यावर मी काही काढणार नाही.
उद्या तो बदलला तर डॉक्टरला दिसायला हवा.
सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडते, बघून घे.
जो समोर फोडत नाही त्याच्याकडून उठून चालू पड,
मग तो तुझा सख्खा भाऊ का असेना.

भाऊ म्हटल्यावर तू खाली पाहिलंस, एर्विन.

नाव गोंदायचंय ना?
बायकोचं असतं तर म्हटलं असतं, वर्षानं ये.
माझ्या दंडावरचा हा पाणकावळा बघ,
ओस्वाल्दोची सातच्या सात अक्षरं
गिळून बसलाय.

कागदावर लिही. स्वतःच्या हातानं.
लिहिलंस. खोडलंस. पुन्हा लिहिलंस.
एलेआसार की एलिआसार,
मधलं अक्षर टिंबाचं की बिनटिंबाचं?
आईला फोन लावलास.
पाद्रीनं बिनटिंबाचं लिहिलं होतं म्हणाली,
कचेरीतल्या कारकुनानं टिंब दिलं.
किनाऱ्यावरच्या क्रुसावर तर
रंग संपला म्हणून पहिलं अक्षर तेवढं.
एकोणीस वर्षं एका पांघरुणात झोपलात दोघं
आणि त्याचं नाव लिहायची वेळ आली नाही कधी.
हाक मारायला शुद्धलेखन लागत नाही.

आणि हेही ऐकून ठेव.
जखमच असते ही. ओली.
तीन आठवडे खारं पाणी नाही, ऊन नाही,
खपली कितीही खाजली तरी नख नाही.
तू म्हणतोस सोमवारी हंगाम उघडतोय,
कोपरापर्यंत हात पाण्यात असणार.
मग सोमवार ठेव नाहीतर नाव ठेव.
कागद मी भिंतीला टाचते, दोन्ही नावांसकट.
खेकड्यांवर बंदी लागली की ये.

बंदी लागली. तू आलास.
जेवून आलो, हे दारातूनच सांगितलंस.
काखेत एक बोया होता, पिवळा,
पिंजऱ्यावर बांधायला त्यानं स्वतः रंगवलेला,
खाली दक्षिणेला कुणाच्या तरी जाळ्यात अडकलेला.
त्यावर नाव होतं, त्याच्याच हातचं,
आणि नेमक्या मधल्या अक्षरावर
शिंपल्यांनी वसाहत केली होती.
सुरीनं हळूच खरवडलं आपण.
शिंपल्यांबरोबर रंगही निघाला.
खाली नुसतं प्लॅस्टिक.

असंच गोंद, म्हणालास. आहे तसं.

मी म्हटलं, बघ, मोकळी जागा सोडली की लोक विचारतात.
दवाखान्यात विचारतील,
उशाशी झोपलेली बाई विचारेल,
म्हातारपणी कातडी ओघळेल तेव्हा नातवंडं.
पुसायचं म्हटलं तर दुप्पट पैसे, तिप्पट आग,
आणि तरी डाग राहतोच.
विचारू देत, म्हणालास.

दोन तास गेले.
दात आवळून बसला होतास, एकदाही हललास नाही.
त्या मोकळ्या जागेपाशी मी सुई उचलली,
तिथे मात्र तोंडानं श्वास घेतलास,
पोहणारा वर येऊन घेतो तसा.

मग पट्टी बांधली, मलम दिलं,
बोया कुठे ठेवायचा ते विचारलं नाही.
तू पाकीट काढलंस तेव्हा
घ्यावे की न घ्यावे, मी क्षणभर थांबले.
घेतले.
शाई पुएर्तो मॉन्तहून येते,
फुकट येत नाही,
हेही आधी माहीत असावं.