कर्मणी प्रयोग

एकतीस वर्षं अनगोळच्या शाळेत
मी तीन प्रयोग शिकवले:
कर्तरी, कर्मणी, भावे.
चौथा निवृत्तीनंतर भेटला,
मेडिकल कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथं उंदीर ठेवतात.

नियमच आहे म्हणे, समितीत एक माणूस
विज्ञानाबाहेरचा हवा.
तो मी, देसूरकर सर.
तीन महिन्यांनी एक बैठक, रिक्षाभाडं, चहा,
आणि बशीत चमचाभर कुंदा,
जो मला चालत नाही.

अर्ज इंग्रजीत असतात.
मी मनात मराठी करत वाचतो, जुनी खोड:
उंदरांना मधुमेह दिला जाईल.
शेपटीतून रक्त घेतलं जाईल.
अठ्ठाविसाव्या दिवशी बळी दिला जाईल.
पानंच्या पानं कर्मणी.
वर्गात कर्ता शोधायला
मी पोरांना लाल पेन्सिल द्यायचो.
इथं ती नुसतीच फिरते, टेकत नाही कुठं.

आणि ‘बळी’.
आमच्याकडे जत्रेत बकऱ्याच्या अंगावर
आधी पाणी शिंपडतात.
त्यानं अंग झाडलं तर कौल मिळाला.
झाडलं नाही तर पुन्हा पाणी,
पुन्हा पाणी,
झाडेपर्यंत.
लबाडीच ती, पण विचारण्याची लबाडी.

हुक्केरी मॅडमना मी म्हटलं हे.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, सर, ‘मारणे’ लिहिलं
तर आमचाही हात थांबतो.
हात थांबून चालत नाही.

चार वर्षांत माझं कर्तृत्व एवढंच
की छत्तीसचे चोवीस केले.
“छत्तीसच कशाला?” इतकंच विचारलं होतं,
ते पण कळत नव्हतं म्हणून.
कागद उलटे झाले, आकडेमोड झाली,
चोवीस पुरतात असं निघालं.
ते बारा कुठं आहेत विचाराल
तर कुठंच नाहीत. मागवलेच नाहीत.
झोप लागत नाही तेव्हा
मी त्या बारांना मोजतो.
चोविसांना मोजायची छाती होत नाही.

सकाळी जेवणाआधी अर्धी गोळी, पांढरी.
पाकिटावर कंपनी, किंमत, मुदत.
भिंग लावून वाचलं मी एकदा सगळं.
बायको म्हणाली, काय शोधताय?
म्हटलं, कर्ता.
ती म्हणाली, गिळा आधी.

डिसेंबरात पाहणी होती.
बेळगावची थंडी, खिडक्या बंद,
भुश्श्याचा आणि मुताचा वास.
पिंजऱ्यांसमोर हुदलीचा सिद्राय,
दोन्ही तळवे काखेत धरून उभा.
“काय गा, एवढी थंडी वाजतीय?”
“मला न्हाई सर.
गार हात लागला की दचकत्यात बगा.”

मग थोडा वेळ तसाच राहिला.
आम्ही पाच जण, हातात तपासणीचे कागद,
त्याचे हात गरम व्हायची वाट बघत.
मग त्यानं एकाला उचललं,
कानडीत पुटपुटत: सुम्नीर, सुम्नीर.
उगी, उगी.
उंदराच्या मिशा थरथरत होत्या,
त्या थांबल्या.
तराजूवर ठेवला. दोनशे दहा ग्रॅम.
वजनाला रकाना होता, ते लिहिलं.

जिना उतरताना सवयीनं वाक्य फोडलं:
सिद्रायने उंदराला उचलले.
भावे प्रयोग.
क्रियापद ना सिद्रायकडे झुकतं,
ना उंदराकडे.
नपुंसकलिंगी, एकवचनी, एकटंच उभं.
परीक्षेला दोन गुणांना यायचं,
निम्मी पोरं चुकायची.

खाली चहा आला.
सही करायच्या आधी मी दोन्ही तळवे
कपाभोवती धरून बसलो.
हुक्केरी मॅडमनी पाहिलं,
बोलल्या काही नाहीत.
मग चोवीस आकड्याखाली
माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

पेन गारच होतं.